महागडे पाने घेऊ की देशी? नवीन गॅरेज टाकणाऱ्या भावाच्या पत्राला उत्तर

पत्र आलंय कराडजवळच्या एका गावातून:

"दादा, आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, मग चार वर्षं साताऱ्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली बाईकचं काम शिकलो. दिवाळीनंतर स्वतःचं टू-व्हीलर गॅरेज टाकतोय. हत्यारांसाठी 60 हजार बाजूला काढलेत. माझा आत्येभाऊ दुबईत वर्कशॉपला आहे, तो म्हणतो एकदाच काय ते अमेरिकन नाहीतर जर्मन घे, आयुष्यभराची वॉरंटी असते, परत बघायला नको. मिस्त्री म्हणतात मी तीस वर्षं देशी पान्यांवर घर चालवलं, पैसे उडवू नको. दुकानात गेलो तर दुकानदार 600 रुपयांत 46 नगांची पेटी पुढं करतो. डोकं फिरलंय. कुणाचं ऐकू? आणि मिस्त्री त्यांचे जुने रिंग पाने मला देतो म्हणतायत, ते घेऊ का?"

भावा, आधी सरळ उत्तर देतो मग कारणं सांगतो. 60 हजारात सगळं परदेशी घ्यायच्या नादाला लागू नको, आणि ती 600 ची पेटी तर फुकट दिली तरी कामाला वापरू नको. बहुतेक हत्यारं चांगल्या देशी कंपनीची घे, आणि पाच-सहा जागा अशा आहेत जिथं हात आखडता घ्यायचा नाही, तिथं मिळेल ते चांगल्यातलं चांगलं घे. त्या जागा कुठल्या हे कळलं की ब्रँडची निम्मी भांडणं संपतात.

तुला अजून एक सल्ला नक्की मिळाला असणार, सगळेच देतात, की आधी स्वस्त घे आणि जे तुटेल ते पुढं महाग घे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मीसुद्धा 27 वर्षांपूर्वी गॅरेज टाकलं तेव्हा हेच केलं, आणि माझा ठाम अनुभव आहे की या सल्ल्यात एक मोठी खोट आहे. स्वस्त पाना सहसा तुटत नाही भावा. तो पसरतो. त्याचा जबडा केसाएवढा उघडतो, आतल्या कडा बसतात, आणि तो तुझ्या हातात अख्खाच्या अख्खा दिसत राहतो. तुटतो तो गिऱ्हाईकाच्या गाडीचा बोल्ट. मग तू म्हणतोस बोल्ट गंजलेला होता, बोल्ट डुप्लिकेट होता, आधीच्या मिस्त्रीनं जास्त आवळला होता, आणि पाना परत पेटीत जातो पुढच्या गाडीची वाट लावायला.

माझ्याकडं पहिल्याच वर्षी एक दूधवाला आला होता, शंभर सीसीची गाडी, नुसतं ऑईल बदलायचं होतं, दहा मिनिटांचं काम. माझा 17 चा डबल पाना, म्हणजे दोन्ही टोकांना उघड्या तोंडाचा, असाच पसरलेला, बाजारातून सर्वात स्वस्त बघून घेतलेला. ड्रेन बोल्टला लावला, जोर दिला, माथा गोल. मग छन्नी लावली, हातोडा मारला, बोल्ट निघाला पण येताना चेंबरचे आटे घेऊन आला, अॅल्युमिनियमच ते. चेंबर खोलून लेथवाल्याकडं नेऊन बुश बसवून घ्यायला दोन दिवस गेले, खर्च मी भरला तो वेगळा, पण ते दोन दिवस तो माणूस पहाटे चारला उठून सायकलला कॅन अडकवून दूध घालत होता. मला एक शब्द बोलला नाही. ते मला आजपण आठवतं, आणि म्हणून हत्याराच्या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, ऐकून घे.

तर हिशोब असा लावायचा: हे हत्यार घसरलं तर नुकसान कुणाचं आणि किती? हातोड्याचा दांडा निघाला तर दुसरा बसवू. पण अॅलन की, म्हणजे बोल्टच्या माथ्यातल्या खड्ड्यात घालायची सहा कोनी दांडी, फिरली आणि डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा बोल्ट आतून गोल झाला तर अर्धा दिवस गेला. म्हणजे पैसा हातोड्यावर नको, अॅलन कीवर घाल.

आता तुझ्या आत्येभावाचं. तो चुकीचं सांगत नाहीये, तो त्याच्या जागेवरून सांगतोय. त्या महाग कंपन्यांची गोष्ट थोडी माहिती असलेली बरी. स्नॅप-ऑन 1920 साली अमेरिकेत मिलवॉकीला सुरू झाली, जोसेफ जॉन्सनची कल्पना अशी की प्रत्येक मापाला वेगळा दांडा कशाला, पाच दांडे आणि दहा गोट्या करा, हवी ती गोटी दांड्यावर खटकन बसवा. आज आपण ज्याला गोटी पाना म्हणतो त्याचा धंदा तिथून वाढला. जर्मनीत वुपरटाल आणि रेम्शाइड ही शेजारशेजारची गावं या कामाची पंढरीच म्हण, श्टालविले 1862 पासून, हाझेट 1868 पासून, क्निपेक्स 1882 पासून. ही माणसं शंभर-दीडशे वर्षं एकच काम करतायत, त्यांचा पाना हातात घेतला की कळतं. भिंत पातळ, म्हणून अडचणीच्या जागेत शिरतो. पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी असं की पातळ असून पसरत नाही. माप काटेकोर, बोल्टवर ठेवला की लोंबत नाही.

पण त्या किमतीत अजून एक गोष्ट असते, ती म्हणजे व्हॅन. अमेरिकेत ती कंपनीची व्हॅन दर आठवड्याला गॅरेजच्या दारात येते, उधारीवर माल देते, हप्ता गोळा करते, आणि तुटलेला पाना दिला की तिथल्या तिथं नवीन देते. तिकडचा मेकॅनिक आपल्या दुप्पट-चौपट पैसे देतो ते नुसत्या लोखंडाचे नाही देत, त्या सेवेचे पण देतो. ती व्हॅन तुझ्या गावाच्या फाट्यावर येणार आहे का? तुझा रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा खटक्याचा दांडा, रुसला तर तू तो कुरियरनं पाठवणार, कागद भरणार, आठवडे वाट बघणार, आणि तोवर काम कशानं करणार? आयुष्यभराची वॉरंटी हा शब्द खरा आहे, पण तिची किंमत ती कुठं वापरायची आहे त्यावर ठरते. तू ती वापरू शकणार नसशील तर तिचे पैसे भरू नको.

दुसरं म्हणजे त्या पान्यांची जी मुख्य करामत होती ती आता सगळीकडं आलीय. पूर्वी रिंग, म्हणजे बंद गोल तोंडाचा पाना, आणि गोटी बोल्टच्या कोपऱ्यांवर जोर द्यायची, कोपरे झिजले की माथा गोल. स्नॅप-ऑननं साठच्या दशकात आतला आकार असा बदलला की जोर कोपऱ्यावर न येता जरा आत, सपाट बाजूवर येतो. ते पेटंट केव्हाच संपलं. आज तैवानच्या मध्यम किमतीच्या गोट्यांत तोच आकार मिळतो, आणि तैवानचा माल म्हणजे हलका ही जुनी समजूत सोड, तिथं ताइचुंगच्या आसपास हँडटूलचे इतके कारखाने आहेत की जगातले कितीतरी नावाजलेले ब्रँड तिकडून माल बनवून घेतात. माझ्याकडं रोजच्या वापरात ज्या तीन सुती, म्हणजे 3/8 इंची दांड्याच्या, गोट्या आहेत त्या तैवानच्या आहेत आणि मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

आता मिस्त्रींचं. त्यांचंही बरोबर आहे, पण त्यांचं अर्धं सांगायचं राहिलं. देशी म्हणजे काय? एक देशी म्हणजे नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या टपारियासारखी कंपनी, लुधियाना-जालंधरच्या जुन्या चांगल्या कंपन्या, ज्यांचा माल खरंच क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा, ठोकून घडवलेला असतो. आणि दुसरा देशी म्हणजे त्याच नावाशी मिळतंजुळतं नाव, तसाच डबा, तसाच रंग, आणि आत मऊ लोखंडावर चकचकीत पॉलिश. दोन्ही एकाच दुकानात एकाच फळीवर असतात. मिस्त्रींनी तीस वर्षं काढली ती पहिल्यावर. त्यामुळं देशी घे म्हटलं तर पहिला प्रश्न हा की तो खरा आहे का, आणि यासाठी ओळखीचं, बिल देणारं दुकान पकड. पन्नास रुपये जास्त गेले तरी जाऊ दे, पक्कं बिल असलं की नकली निघाल्यावर भांडायला तरी जागा राहते.

पाना तपासायला मशीन लागत नाही. नवा कोरा बोल्ट घ्यायचा, पाना त्यावर ठेवायचा आणि डावी-उजवीकडं हलवून बघायचा, थोडं हलणारच, पण डगडग हलला तर ठेव खाली. जबड्याच्या आतल्या दोन बाजू उजेडाकडं धरून बघ, समांतर पाहिजेत आणि मशिनिंग केलेल्या पाहिजेत, ओतकामासारख्या खरबरीत नको. क्रोमचे पोपडे कडेला सुटत असतील तर ते पुढं तुझ्या बोटात घुसणार, कातड्यात शिरलेला क्रोमचा तुकडा ब्लेडसारखा असतो. आणि नंबर व ब्रँड ठसवलेला पाहिजे, नुसता छापलेला नको.

किती नंबरचे पाने पाहिजेत यावरही पैसे वाचतात. आपल्याकडच्या बाईकचं मूळ जपानी आहे, इंड-सुझुकी 1984 ला आली, हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 या 1985 ला, कावासाकी बजाज 1986 ला, आणि त्यांच्याबरोबर जपानी मापं आली. जपानी पद्धतीत 8 एमएमच्या बोल्टला 12 चा पाना लागतो आणि 10 एमएमच्या बोल्टला 14 चा. युरोपियन पद्धतीत तेच 13 आणि 16 किंवा 17 होतं. म्हणून बाईकच्या गॅरेजात 8, 10, 12, 14, 17 हे पाच नंबर दिवसभर हातात असतात, 13 कधीमधी, 19, 22, 24 अॅक्सल आणि मोठ्या नटांना. बाकी नंबर पेटी भरायला असतात. तर मोठा सेट देशी घे, आणि 8, 10, 12, 14 या चार मापांचे रिंग पाने आणि टी पाने (इंग्रजी टी आकाराचा दांडा, टोकाला गोटी) मात्र वेगळे, जास्त चांगले घे. टी पान्याला तर आपल्या धंद्यात तोड नाही, बाईकचं निम्मं काम 8, 10 आणि 12 च्या टी वर होतं, त्याची गोटी दांड्याला नीट वेल्ड आहे ना आणि दांडा सरळ आहे ना हे काचेवर लोळवून बघ.

गोट्या घेताना सहा कोनी घे, बारा कोनी नको. बारा कोनी पटकन बसते खरी, पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे तीच खाते. पेट्यांमध्ये बहुतेक बारा कोनीच भरलेल्या असतात, ते विचारून घे. आणि पुढं कधी इम्पॅक्ट गन, म्हणजे धक्क्यानं नट फिरवणारं मशीन, घेतलीस तर या चकचकीत गोट्या तिला लावू नको, त्या धक्क्यानं तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, गनला काळ्या, क्रोम मॉली पोलादाच्या गोट्याच पाहिजेत. एवढी एक गोष्ट पोरांना पहिल्या दिवशी सांग.

आता त्या जागा, जिथं आखडायचं नाही.

पहिला स्टार स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे आपला अधिक चिन्हाचा. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण यावर कुणीच बोलत नाही. तू कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू, मास्टर सिलेंडरच्या झाकणाचे स्क्रू खोलताना बघितलं असशील, ड्रायव्हर वर उचलला जातो आणि स्क्रूची फुली खाल्ली जाते. आपण म्हणतो स्क्रू मऊ आहे. स्क्रू मऊ असतोच थोडा, पण खरं कारण वेगळंय. बाजारातला साधा ड्रायव्हर असतो फिलिप्स, अमेरिकेत 1930 च्या दशकात मोटारीच्या असेंब्ली लाईनसाठी आलेला. आणि जपानी वळणाच्या गाड्यांवरचे स्क्रू असतात जेआयएस, जपानच्या स्वतःच्या स्टँडर्डचे. दिसायला सारखे, पण आतल्या कोनात आणि टोकाच्या गोलाईत फरक, फिलिप्सचं टोक जेआयएस स्क्रूच्या तळाला पूर्ण बसत नाही, वरच्यावर टेकतं आणि फिरलं की निसटतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूच्या माथ्यावर एक बारीक टिंब असतं, उद्या गॅरेजात गेलास की बघ. त्याला जपानी व्हेसल कंपनीचा नाहीतर तसा दुसरा जेआयएसचा ड्रायव्हर घे, दोन नंबर आणि तीन नंबर. काहीशे रुपयांचं काम आहे, महाग नाही, पण तुझ्या 60 हजारातला सगळ्यात जास्त वसूल होणारा खर्च हाच असेल. आणि साईड कव्हरच्या घट्ट स्क्रूंना हातोड्यानं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो साधा देशी चालेल पण त्याच्या पुढचा बिट चांगला बसव.

दुसरं अॅलन की. हिचं टोक मऊ असलं तर ते आधी पीळ खातं, मग गोल होतं, मग बोल्टला आतून गोल करतं आणि त्याला बाहेरून धरायला जागाच नसते. 4, 5, 6 आणि 8 या मापांच्या जर्मन किंवा अमेरिकन घे. टोक झिजलं की ग्राइंडरवर दोन एमएम कापून परत वापरता येतं, फक्त कापताना तापवून निळं करू नको, पाण्यात बुडवत बुडवत काप.

तिसरं सरक्लिप प्लायर, खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी काढायची पक्कड. हलक्या प्लायरची टोकं वाकतात, सरक्लिप उडते, आणि ती कुठं जाईल सांगता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका पोराचा डोळा थोडक्यात वाचला, भुवईला टाके पडले. इथं चांगलाच घे. बाकी पक्कड, नोज प्लायर, कटर आपले देशी उत्तम आहेत, त्यात परदेशीचे पाचपट पैसे घालायची मला तरी कधी गरज वाटली नाही.

चौथा रॅचेट. 24 दात असले तर दर खेपेला 15 अंश फिरवावा लागतो, 72 दात असले तर 5 अंशात भागतं, आणि टाकीखाली, एअर फिल्टरच्या मागं हात हलवायला जागा नसते तिथं हा फरक कळतो. पण दातांपेक्षा आतला खटका महत्त्वाचा. जोरात ओढताना हलका रॅचेट आतून निसटला की तुझी मूठ सरळ इंजिनच्या फिनांवर जाते. म्हणून तीन सुती एक रॅचेट मध्यम-चांगल्यातला घे, आणि घट्ट नट फोडायला तो वापरूच नको, त्याला चार सुती लांब दांडा ठेव. पान्याला पाइप घालायची सवय तर आजपासून सोड.

पाचवा टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं हे मोजून सांगणारा पाना, आणि इथं मला माहितीय मिस्त्री हसतील. आपल्या पिढीनं हाताच्या अंदाजावर गाड्या आवळल्या, आणि जुन्या गाड्यांना ते बऱ्यापैकी खपून गेलं. पण 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 नियम आला, 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस आलं, सेन्सर आले, जिकडं तिकडं अॅल्युमिनियममध्ये बारीक बोल्ट. 6 एमएमच्या साध्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर लागतं. म्हणजे किती, तर एक मीटर दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तेवढा. तुझ्या 10 च्या पान्यावर हात साधारण 12 सेंटीमीटरवर येतो, तिथं आठ-नऊ किलोची ओढ झाली की काम झालं, आणि आपण सवयीनं वीस किलोनं ओढतो. हेड कव्हरचे आटे असेच जातात. 5 ते 25 न्यूटन-मीटरचा एक छोटा रेंच घे, नावाच्या कंपनीचा, कॅलिब्रेशनचा कागद बघून. आयएसओ 6789 हे त्याचं स्टँडर्ड आहे, त्यात 10 न्यूटन-मीटरच्या वर 4 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो आणि वर्षातून एकदा किंवा 5000 वेळा वापरल्यावर परत तपासून घ्यायचा असतो. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेव, आणि बोल्ट खोलायला तो कधीही वापरू नको. गाडीगणिक आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून एका वहीत उतरवून ठेव, अंदाजानं भरू नको. मोठ्या नटांचा दुसरा रेंच पुढच्या वर्षी.

सहावी जागा ब्रेकच्या पाइपचे नट आणि ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायची तोटी. तिथं डबल पाना लावायचाच नाही, तो सहातल्या दोनच बाजू धरतो. निपलला सहा कोनी रिंग, पाइपच्या नटाला तोंड कापलेला फ्लेअर नट पाना. दोनच मापं लागतात, घेऊन टाक.

बाकी हातोडे, छन्नी, पंच, ट्रे, ऑईलची मापं, नरसाळी, ब्रश हे साधं घे. वाईस, म्हणजे टेबलावरचा शिकंजा, मात्र हलका घेऊ नको, जुना मिळाला तरी जड घे. पुलर, म्हणजे घट्ट बसलेले भाग ओढून काढायची हत्यारं, मॉडेलप्रमाणे लागतील तशी घेत जा, आटे बरोबर जुळले पाहिजेत एवढंच बघ. आणि अमेरिकन सेटच्या हव्यासाचे जे पैसे वाचले त्यातून एक चांगला मल्टीमीटर आधी आणि धंदा बसला की गाडीच्या सेन्सरचा बिघाड वाचणारा स्कॅनर घे. आज गाडी बंद पडली तर दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर वायरीत असतं, आणि तिथं जर्मन पाना काही करत नाही.

60 हजाराचा माझा अंदाज असा: देशी पाने, टी, गोट्या, दांडे यांना 18 ते 20 हजार, या वरच्या सहा जागांना 18 ते 20, मल्टीमीटर-पुलर-वाईसला 10 च्या आसपास. उरलेले 10 हजार खर्च करू नको. पहिल्या सहा महिन्यांत तुझ्याकडं कुठल्या गाड्या येतात ते बघ, तुमच्याकडं बुलेट जास्त असतील तर मापं बदलतील, जुन्या बुलेटला तर इंची पाने लागतात, स्कूटर जास्त आल्या तर क्लच आणि व्हेरिएटर धरायची हत्यारं वेगळी. तेव्हा ते 10 हजार कामाला येतील.

उधारीवर हत्यारं घेऊ नको असं मी सांगितलं असतं, पण तू अजून भांडवल बघत असशील तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज असतं, बँकेत विचार. पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या सरकारी योजनेत 15 हजारांचं टूलकिट मिळतं म्हणून तुला कुणी अर्ज भरायला लावेल, त्यात एक चक्कर वाचव, त्या 18 धंद्यांच्या यादीत लोहार आणि कुलूपवाले आहेत, मोटर मेकॅनिक नाही.

अजून एक कारण आहे सुरुवातीलाच महाग सेट न घ्यायचं, आणि ते मला दुकानदारापेक्षा जास्त ठामपणे सांगता येतं. गॅरेजात हत्यार झिजून जात नाही, हरवून जातं. पोरगं 10 ची गोटी बॅटरीच्या खोक्यावर ठेवतं, सीट बसवतं, गाडी गेली की गोटी गेली. शेजारचा ट्रॅक्टरवाला दोन मिनिटांसाठी 17 नेतो. म्हणून पहिल्या दिवसापासून भिंतीला फळी मार, प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगानं काढ, आणि शटर ओढायच्या आधी रिकामी जागा दिसली की पोराला घरी सोडू नको, शोधायला लाव. आम्ही खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतो, हळदकुंकू झेंडू वाहतो, आणि पूजेच्या आधी मी दरवर्षी वहीशी ताळा करतो. वर्षभर एकही पाना न हरवता तुझी खंडेनवमी झाली ना, की मग त्या वर्षी एक जर्मन रिंगचा सेट घे, 8 ते 19. तोवर तुझ्या हाताला फरक कळायला लागलेला असेल आणि ते पैसे वाया जाणार नाहीत. मी पण माझा पहिला असाच अकराव्या वर्षी घेतला आणि आजपण तो फक्त मीच वापरतो.

आता मिस्त्रींचे रिंग पाने. घे. हात जोडून घे. चांगल्या माणसानं तीस वर्षं वापरलेला पाना म्हणजे त्यातले नकली आणि मऊ केव्हाच गळून गेलेले असतात, उरले ते खरे. आणि जुन्या लोकांकडं गेडोरचे पाने बऱ्याचदा असतात, रेम्शाइडच्या डोविडाट भावांनी 1919 ला काढलेली कंपनी, नंतर फरिदाबादलाही त्यांचा माल बनायचा. त्यावर तो ठसा दिसला तर तुझं नशीब. फक्त प्रत्येक माप नव्या बोल्टवर लावून बघ, जो डगडगेल तो कामाला लावायचा नाही, त्याला वेगळं ठेव, कधी अडचणीच्या जागेसाठी पाना तापवून वाकवायचा असतो तेव्हा तो कामी येतो. मिस्त्रींच्या समोर मात्र बाजूला काढू नको.

पुण्याला जाणं झालं तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात एक फेरी मार, कारखान्यातून निघालेले चांगले चार सुती दांडे आणि मोठ्या गोट्या तिथं कधी कधी किलोच्या भावात मिळतात. मुंबईला असलास तर नागदेवी स्ट्रीट. सकाळी लवकर जा, घाई करू नको, आणि जाताना खिशात 10, 12, 14 आणि 17 च्या माथ्याचे चार नवे बोल्ट घेऊन जा.